घरचं इंग्रजी

आमच्या मुलानं पहिले शब्द काढले ते कॉर्निश भाषेत. कुणाला सांगितलं की आधी विचारतात ही कुठली भाषा, आणि मग हसतात. इंग्लंडच्या नकाशात खाली डाव्या कोपऱ्याला शेपटीसारखा एक तुकडा लोंबतो, तो कॉर्नवॉल. तिथली ही जुनी भाषा. त्या काळी तिथंही ती घराघरांतून संपलेली होती. चार हौशी माणसं पुस्तकं काढून पुन्हा शिकत होती म्हणे. आणि इकडं बंगळूरात बेळगावकडच्या आईबापाचं पोर ती बोलत होतं. हसा खुशाल. मला त्या दिवसांत हसू येत नव्हतं, एवढंच सांगते.

लग्न होऊन मी बंगळूरला आले तेव्हा हे सरकारी कारखान्यात नुकतेच लागले होते. कॅन्टोन्मेंटच्या बाजूला एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या. मालकीण गोरी. सगळी गल्ली तिला दोरेसानी म्हणायची, मी मडम म्हणायची. साठी उलटलेली, हाडापेरानं मजबूत, हातावर तीळच तीळ. लहानपण कॉर्नवॉलमध्ये आजीपाशी गेलेलं. मग बाप कोलारच्या सोन्याच्या खाणीवर आला, त्याच्यामागं ही आली, तिथंच लग्न झालं आणि तिथंच नवरा गेला. मूलबाळ नाही. बाकीचे गोरे आपापल्या देशी परतले, ही बंगळूरला येऊन राहिली. "जाऊन कुणाच्या दारात उभी राहू?" असं म्हणायची, तेही कानडीत. खाणीवरची कानडी ती, मजुरांची, शिव्यांसकट. मला तर कानडी माहेरापासूनच येत होती, त्यामुळं आमचं दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं.

इंग्रजी मात्र मला येत नव्हतं. मराठी सातवी झालेली मी. एबीसीडी काढता यायची, बस्स. ह्यांची फार हौस, बायकोनं इंग्रजी बोलावं. "घरात आयती मडम आहे, तिच्याशी बोलत जा की," म्हणायचे. तर मी एक दिवस तिला म्हटलं, मला तुमची भाषा शिकवा. तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला आणि विचारलं, "कुठली? मने मातु?" मने मातु म्हणजे घरचं बोलणं. मी म्हटलं, होय, तेच.

आता ह्यात माझं काय चुकलं ते सांगा. आमच्या घरात जे बोलतात ते शाळेच्या पुस्तकात कुठं होतं? पुण्याची आमची एक मामी आली की आमच्या बोलण्याला नाक मुरडायची. मला वाटलं, गोऱ्यांचंही तसंच असणार. कचेरीतलं इंग्रजी वेगळं आणि चुलीपाशचं वेगळं. दुधाला पुस्तकात मिल्क म्हणत असतील, घरात लेथ म्हणत असतील. उलट मला मान वाटला. बाहेरच्याला कोण दाखवतं घरातलं?

शिकवायची तिची रीत एकच. फळा नाही, पुस्तक नाही. मागच्या पडवीत आमचा नळ एकच, तिथं दोघींची कामं चालायची. ती वस्तू पुढं करायची आणि शब्द म्हणायची. मी घ्यायला हात लावला की सोडायची नाही. दोघी एक चमचा दोन टोकांनी धरून उभ्या. "लो," ती म्हणायची. "लो," मी म्हटलं की चमचा सुटायचा. पाणी डौर, मीठ होलन, लोणी अमानिन, दार डारस, मांजर काथ. जीभ अडखळली की ती मोठ्यानं हसायची आणि वस्तू आणखी घट्ट धरायची. मी भाकरी थापायला बसले की चुलीकडं बोट दाखवून म्हणायची, "तान." विस्तव. त्या पडवीत मी सुखात होते. नव्या गावात, सगळ्या परक्यांत, दिवसाचा एक तास मला कुणीतरी लहान मुलीसारखं वागवत होतं.

मग मुलगा झाला. तो वर्षाचा होतोय तोवर मला पुन्हा दिवस गेले आणि पाचव्या महिन्यातच सगळं संपलं. त्यानंतर मी अंथरूण धरलं ते कितीतरी महिने. अंगात ताकद नाही आणि मनात तर त्याहून नाही. बोलावंसंच वाटायचं नाही मला, कुणाशीच. हे पाळीवर. मूल सकाळी उठलं की रांगत, पुढं चालत, मडमच्या बाजूला जायचं ते संध्याकाळीच परतायचं. तिनं त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, कडेवर घेऊन बागेत फिरवलं. मी पडल्या पडल्या दोघांचे आवाज ऐकायची. तिचा मोठा, त्याचा बारीक. पोर बोलायला लागलं होतं आणि मला भरून यायचं की निदान त्याचं तरी काही अडलेलं नाही.

मी उठून हिंडायला लागले तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि त्याला भराभर बोलता येत होतं. पाणी हवं की डौर म्हणे, मांजर दिसलं की काथ. आई तेवढं आई. ह्यांना मी सांगितलं, लेकरू इंग्रजी बोलतंय, घरचं इंग्रजी. ह्यांनी ऐकलं, जरा कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "त्यांच्या लहान मुलांचं बोलणं असेल. आपल्यात पाण्याला मम्‌ म्हणतात तसं." पुस्तकातून इंग्रजी शिकलेला माणूस, गोऱ्याच्या घरात कधी पाऊल टाकलेलं नाही. त्यांना तरी कुठून कळणार? कारखान्यात मात्र सांगत सुटले. दोन वर्षांचं पोर आणि इंग्रजीशिवाय बोलत नाही.

त्यांच्या साहेबांनी आम्हाला मुलासकट चहाला बोलावलं. साहेब मद्रासकडचे, बाई कॉन्व्हेंटात शिकलेल्या, आणि त्या दिवशी विलायतेहून आलेला एक इंजिनियर पाहुणा होता. मी नऊवारी सोडून पाचवारी नेसले होते. चहा ओतताना त्या बाईंनी मला काही विचारलं, मला वाटलं दूध घालू का विचारतायत. मी मान ताठ करून म्हटलं, "लेथ." त्या थांबल्या. तेवढ्यात चिरंजीवांनी टेबलावरची लोण्याची बशी बघितली आणि अमानिन, अमानिन म्हणून हात पुढं केला. त्या इंजिनियरनं वाकून त्याचं ऐकलं, मग ह्यांच्याकडं वळून हसत हसत काहीतरी म्हणाला. ह्यांचे कान लाल झाले. आम्ही बसनं घरी परतलो. दारात शिरल्यावर म्हणाले, "तो म्हणाला, ही कुठली का भाषा असेना, इंग्रजी नव्हे."

तसेच तडक मडमकडं गेले. मी मागोमाग. ह्यांना कानडी येत नव्हती, तिला मराठी नाही, भांडण इंग्रजीत झालं. सगळं कळलं नाही, पण कळायला भाषा कशाला लागते? तिनं दाराची चौकट धरली होती. हे पाय आपटत आमच्या खोल्यांकडं परतल्यावर ती माझ्याशी कानडीत बोलली. आजी वारल्यापासून ही भाषा तिच्याशी कुणी बोललं नव्हतं, नवरासुद्धा नाही. तिचा एक भाऊ होता, आता तोही नाही, त्यानं तिकडून शब्दांचं पुस्तक पाठवलं, त्यातून तिनं आजीचे शब्द पुन्हा जुळवले, पण बोलणार कुणाशी? कुत्र्याशी बोलायची. "तुला शिकवलं ते तू मागितलंस म्हणून," ती म्हणाली. "त्याला शिकवलं नाही मी. मी बोलले आणि त्यानं उत्तर दिलं." मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिनं काही लपवलं नव्हतं, आम्हीच इंग्रजीच्या मागं आंधळे झालो होतो.

त्या महिन्यात आम्ही बंगळूरातच दुसऱ्या टोकाला, मल्लेश्वरमला बिऱ्हाड हलवलं. सासूबाई गावाहून आल्या. नातू पुढं आला, आजीला बघून काहीतरी छान लांबलचक बोलला आणि आजीनं तोंडाला पदर लावला. "अगं बाई, हे काय बरळतंय?" त्या म्हणाल्या. ह्यांनी डॉक्टर गाठला. डॉक्टर शहाणा. म्हणाला, ह्याच्या डोक्यात भाषांची खिचडी झालीय. एकच भाषा ठेवा, आणि तो त्या दुसऱ्या भाषेत काही मागेल तर द्यायचं नाही. कळलंच नाही असं दाखवायचं. भूक लागली की आपोआप मराठी येईल.

मला अजून त्या डॉक्टरचा राग येतो. आजार रामेश्वरी आणि औषध सोमेश्वरी. पोर माठापाशी उभं राहून डौर म्हणायचं आणि आम्ही तिघं मोठी माणसं एकमेकांकडं बघून गप्प बसायचो. ते पुन्हा म्हणायचं. मग जरा मोठ्यानं म्हणायचं, आम्हाला ऐकू गेलं नाही असं समजून. मग माझ्याकडं बघायचं. मला तर माहीत होतं ना डौर म्हणजे काय, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. "पाणी म्हण," हे म्हणायचे. "पा-णी." मडमही वस्तू धरूनच ठेवायची, पण तिच्या धरण्यात हसू होतं. इथं त्याला वाटलं असणार की सगळं जग एका दिवसात बहिरं झालं. शेवटी सासूबाईच उठून फुलपात्र भरून द्यायच्या आणि पुटपुटायच्या, "तहानलेल्याला परीक्षा कसली घेता?" तेवढ्याबद्दल मी त्यांचं सगळं माफ केलंय.

थोड्या दिवसांनी तो मागायचा थांबला. पाणी हवं असलं की माठापाशी जाऊन बसायचा. भूक लागली की ताटाकडं बघायचा. पडला तरी रडायचा तो आवाज न करता. मराठी आली नाही आणि होती ती भाषाही गेली. तिसरं सरलं, चौथं लागलं, तोंडातून अक्षर नाही. सासूबाईंचं वेखंड मधात उगाळून जिभेवर चोळून झालं, देवळातल्या घंटेत पाणी ओतून पाजून झालं. शेजारच्या बायका दारात येऊन विचारायच्या, "अजून नाही का?" माझ्या तोंडावर त्याला मुका म्हणायला लागल्या. जिभेला हाड नसतं माणसाच्या, दुसरं काय?

मग एका रविवारी ह्यांनी विषय काढला. म्हैसूरला मुक्या मुलांची शाळा आहे, मुलं तिथंच राहतात. जूनमध्ये घेतील. "मलाही ह्यात सुख वाटत नाही," हे म्हणाले आणि भिंतीकडं बघत राहिले. त्यांच्या आवाजावरून कळलं की चौकशी करून झालेली आहे. मी म्हटलं, माझा मुलगा मुका नाही. "मग बोलतं कर त्याला," हे म्हणाले. "जूनपर्यंत कर."

मी केलं. ह्यांना विचारून नाही, डॉक्टरला तर नाहीच नाही. सासूबाई दुपारी डोळा लावायच्या, तेव्हा मी त्याला घेऊन मागं धुण्याच्या दगडापाशी जायची. पहिल्या दिवशी मी एक चमचा पुढं केला आणि म्हटलं, "लो." त्यानं आधी चमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. चमचा घेतला, पण तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी होलन, काथ, डारस. मला आठवतील तेवढे सगळे शब्द मी त्याच्यापुढं मांडले, बाजारात भाजी मांडतात तसे. काही नाही. मी मनातून हरत चालले होते. एप्रिल संपत आला होता.

एका दुपारी मी लोण्याचा गोळा बोटावर घेऊन म्हटलं, "अमनीन." आणि तो हसला. खुदकन हसला. मान हलवून म्हणाला, "अमानिन." मधला मा लांब, मडम म्हणायची अगदी तसा. मी मुद्दाम पुन्हा चुकले. त्यानं पुन्हा सुधारलं, जरा रागानं. तिथंच दगडावर बसून मी रडले आणि रडता रडता आणखी चार शब्द चुकवले.

मग कळलं की माझ्याजवळचे शब्द नुसते स्वयंपाकघरातले, त्याच्याजवळ अख्खी बाग होती. त्यानं वर बोट केलं, "हौल." सूर्य. झाडं हलली, "ग्विन्स." वारा. मला ते कधी कुणी शिकवलेच नव्हते. मी त्याला विचारायची, तो सांगायचा, मी म्हणायची. मला बरोबर म्हणता आलं की स्वारी खूष. आणि मग मी माझा खेळ सुरू केला. म्हटलं, तू मला एक दिलास, मी तुला एक देणार, फुकट कशाला? तू हौल दिलास, घे सूर्य. तू ग्विन्स दिलास, घे वारा. पहिल्यांदा त्यानं माझे शब्द नुसते ऐकून घेतले. मग एक दिवस आत येऊन त्यानं आजीचा पदर ओढला आणि म्हणाला, "वारा आला."

सासूबाईंनी सगळी गल्ली गोळा केली. श्रेय कुणाला, तर पोपटाला. आदल्याच आठवड्यात त्यांनी चिकपेटेच्या बाजारात पोपटवाल्या ज्योतिषाला गाठून त्याच्या पोपटाकडून एक पेरू उष्टा करून आणला होता आणि नातवाला खाऊ घातला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मी कशाला खोडून काढू? हे खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा डोळे सुजलेले होते. म्हैसूरचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही.

आणि मराठी सुरू झाली ती थांबेना. धरण फुटल्यासारखा बोलायचा. दुपारचा आमचा खेळ मी चालू ठेवायचा म्हटलं, पण आता तो चमचा हातातून ओढून घेऊन सरळ चमचा म्हणे. लो म्हटलं की कंटाळायचा. मग गल्लीत पोरं मिळाली, त्यांच्याबरोबर कानडी आली. माझ्या तोंडात कधी चुकून डारस आलं तर तो माझ्याकडं बघायचा, आईला काय झालंय म्हणून. मला वाईट वाटायचं आणि मी स्वतःलाच दटावायची, की बाई, तुझं पोर बोलतंय, आणखी काय पाहिजे तुला?

तो शाळेत जायला लागल्यावर मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, मी मडमकडं जाऊन येणार. हे नको म्हणाले नाहीत. दोन बस बदलून आम्ही गेलो. सोबत लोण्याचा डबा घेतला होता. बंगला तसाच होता, मडम मात्र वाळली होती. तिनं मला बघितलं, मग त्याला, आणि ती पायरीवरच खाली बसली, त्याच्या उंचीला यायला. दोन्ही हात पुढं केले आणि तिच्या भाषेत बोलायला लागली. हळूहळू, एकेक शब्द सोडवत. मला निम्मं कळलं. किती उंच झालास, असं काहीतरी म्हणत होती, आणि कुठं होतास इतके दिवस. बोलून झाल्यावर ती थांबली, तो काय म्हणतो ते ऐकायला.

तो माझ्या पदराआड सरकला. "आई," त्यानं विचारलं, "ह्या कोण?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मला कानडी येत होती, सांगता आलं असतं. मी लोण्याच्या डब्याचं झाकण दाबत राहिले. तिनंच ओळखलं. तिनं पुढं केलेले हात मागं घेतले, मांडीवर पुसले, आणि मग उजवा हात पुन्हा पुढं करून त्याला आपलं नाव सांगितलं. इंग्रजीत, घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला सांगतात तसं. तो शाळेत शिकल्याप्रमाणं पुढं झाला, हात हातात दिला आणि तिचं नाव म्हणून दाखवलं. स्पष्ट म्हटलं. एक अक्षरही अडलं नाही.